लेकरांवर ठेवावयाची श्रद्धा

आज विजयादशमी. नऊ दिवस तेवलेला नंदादीप घरोघरी कृतार्थ झाला. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य वाढले, त्याचे कोवळे तुरे आज टोप्यांत व पागोट्यांत खोवले जातील. ज्या माउलीने हे बी पेरले, तिने त्या वेळी अंकुर पाहिला नव्हता. तरीही तिने नित्यनेमाने पाणी घातले. न दिसणाऱ्या अंकुरावर असा भरवसा ठेवणे यालाच आपल्या शास्त्रांनी श्रद्धा म्हटले आहे. वैदिक निघंटूने 'श्रत्' हा शब्द सत्याच्या नामांत गणला आहे. तेव्हा सत्य म्हणून हृदयी धरणे ती श्रद्धा. लॅटिन भाषेतील 'क्रेडो' या ज्या शब्दाने ख्रिस्ती जनांच्या श्रद्धावचनाचा आरंभ होतो, तो याच मुळापासून निघाला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. शब्दांचे गोत्र असे दूरवर एकच असते.

ही श्रद्धा देवावर ठेवणारे पुष्कळ आहेत. आपल्या व परक्या लेकरांवर ती ठेवणारे किती? हा प्रश्न मनात आला म्हणजे आम्हांस पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवते. रमाबाई पुराणिकाच्या कन्या होत. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने लेकीस. तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे हे कुटुंब 1874 च्या सुमारास दुष्काळात सापडले आणि मातापिता अन्नावाचून गेले. पुढे 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच कन्येस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. आज आपण ज्या सरस्वतीचे पूजन करतो, तिचे नाव एका अनाथ मुलीने आपल्या विद्येने मिळविले!

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी कन्या मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये मुंबईस शारदासदन निघाले, आणि ते पुण्यास आल्यावर मुलींना ख्रिस्ती मताकडे वळविले जाते या आक्षेपाने 1893 साली मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. आम्ही नारदांच्या गादीवर उभे राहणारे. अनाथ मुलाच्या मुखी घास घालताना त्याचा धर्म पालटावा हे आम्हांस मान्य नाही, आणि तो वाद निराधार होता असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु मतभेदाच्या धुळीत दुसऱ्याचे पुण्य झाकून टाकणे हाही अधर्मच होय.

कारण पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली वाटेवर टाकल्या गेल्या. रमाबाई तेथे गेल्या व शेकडो मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळील केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. कोणाचे कुळ ठाऊक नव्हते, कोणाचे नावही ठाऊक नव्हते. त्या मुलींना अक्षरे शिकविली गेली, विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम शिकविले गेले, अंध मुलींना ब्रेल लिपी दिली गेली. ज्यांना जगाने ओझे मानले, त्याच मुलींच्या हातांनी रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळविले.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत श्रद्धा, आशा व प्रीती असे त्रिक सांगितले आहे. केडगावी त्याचा अर्थ प्रवचनाहून अधिक स्पष्ट झाला. प्रीती आजचा घास भरविते. श्रद्धा म्हणते, या लेकरात काही आहे. आणि आशा ते प्रकट होईपर्यंत वाट पाहते. आशेची कसोटीही झाली. जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती एकुलती एक मनोरमा 1921 च्या जुलैत आईआधी गेली. तरीही रमाबाईंनी हातचे काम टाकले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, पण मुक्तिसदन आजही उभे आहे. ज्यांची आशा केवळ आपल्या रक्तावर नसते, त्यांची आशा अशी उरते.

हे आपल्या परंपरेस परके आहे काय? मुळीच नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालास आपले गोत्र सांगता आले नाही. हारिद्रुमत गौतमांनी त्याचे सत्य पाहिले आणि त्यास पदरात घेतले. गोत्र ठाऊक नसतानाही लेकराचे मोल जाणणारा हा आचार्य आपलाच आहे. त्याचे आचरण मात्र आपण करतो काय?

भाविकहो, केजच्या वेशीवर आज सोने लुटले जाईल, आणि सणवार आटोपताच मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतील. हे आपल्या तालुक्याचे प्रतिवर्षीचे सीमोल्लंघन आहे. काही लेकरे कोपीवर जातील आणि शाळा मागे पडेल. काही थकलेल्या आजीपाशी राहतील. मोठ्या झालेल्या मुलीस कोठे ठेवावे या काळजीने तिचे हात कोवळ्या वयातच पिवळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 2019-21 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांत चाळीसांहून अधिकांचे लग्न अठराच्या आत झालेले नोंदविले आहे. आईबापांचे प्रेम कमी असते म्हणून हे घडत नाही. या मुलीतून काही होईल अशी आशा धरण्यास त्यांना कोणी आधार देत नाही, म्हणून घडते.

तो आधार आपण द्यावयाचा आहे. शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली आहे. तिची माहिती शेजारच्या घरी पोहोचविणे हे पुण्यकर्मच समजावे. ज्या वाड्यात आजी व नात एकट्या आहेत, तेथे सायंकाळी एखाद्या सुवासिनीने डोकावावे. देवळाच्या ओवरीत संध्याकाळी दिवा असतोच. त्या उजेडात पाच मुलांचा अभ्यास घेतला तर देवीस ती आरती अधिक रुचेल. आणि लग्नाची घाई झालेल्या बापास गावातील वडीलधाऱ्यांनी सांगावे, 'पोरीला शिकू दे, आम्ही आहोत.'

आज आपट्याचे पान देताना आपण त्यास सोने म्हणतो, आणि घेणाराही सोने म्हणूनच घेतो. पानास सोने मानणाऱ्या आपणांस लेकरास सोने मानणे अवघड का वाटावे? फडाकडे निघालेल्या प्रत्येक आईबापास, त्यांच्या मागे राहिलेले सोने गाव सांभाळील हे अभय आपण आजच्या मुहूर्तावर द्यावे, हीच योगेश्वरीचरणी प्रार्थना.