वधूवरांच्या नावाचा पेला

पत्रिका छापून झाल्या, बँड ठरला, केकची आगाऊ रक्कम दिली, की आता पुण्यातील काही कॅथलिक घरांत आणखी एक बैठक भरते. मद्ये मिसळणाऱ्या कारागिराला पाचारण केले जाते आणि वराच्या नावाचे एक व वधूच्या नावाचे एक अशी दोन पेये तयार करवून घेतली जातात. वधूला गुलकंद आवडतो म्हणून व्होडकात गुलकंद. वराचे आजोळ कोकणात म्हणून जिनमध्ये कोकम. मग दोघांच्या नावांचा, व्याकरणाचे सर्व नियम धाब्यावर बसवून, संधी केला जातो आणि ते नाव सुबक अक्षरांत रिसेप्शनच्या दाराशी झळकते. यास सिग्नेचर कॉकटेल म्हणतात. सिग्नेचर म्हणजे सही. वधूवरांची सही त्याच दिवशी दोन साक्षीदारांसमक्ष चर्चच्या विवाहनोंदवहीत झालेली असते. या दुसऱ्या सहीला आमचा विरोध आहे.

आम्ही मद्यद्वेष्टे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. ज्या वेदीवर आम्ही रोज उभे राहतो तिथे द्राक्षारस लागतोच, आणि तो द्राक्षांचा, नैसर्गिक व न नासलेला असावा, असा धर्मविधिसंहितेचा 924 वा नियम आहे. बेताने घेतलेला द्राक्षारस मनाला आनंद देतो, हे सिराकच्या ग्रंथात आहे आणि ते आम्ही वगळून वाचत नाही. गोमंतकीय बांधवांच्या फेणीला गोवा शासनाने 2016 साली वारसा पेय ठरविले, त्याचेही आम्हांस दुःख नाही. पेये मिसळणे ही परकी खोड आहे असेही म्हणवत नाही; ‘पंच’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पाच’वरून, त्यातील पाच जिनसांवरून आला, असे सांगतात. आमचा आक्षेप पेल्यावर नसून त्याला दिलेल्या नावावर आहे.

नावाने काय होते ते पाहा. व्हिस्कीचा पेला पुढे आला तर ‘नको, मी घेत नाही’ म्हणता येते आणि गोष्ट तिथेच संपते. पण भाचीच्या नावाचा पेला पुढे आला तर? ‘मामा, हे तिचे आहे, एक घोट तरी!’ नकार आता दारूला राहत नाही, भाचीला होतो. मामा तीन वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला असतो. पुण्यात ‘मुक्तांगण’ 1986 साली सुरू झाले. तेव्हापासून असे किती संसार पुन्हा उभे राहिले, हे त्या घरांतील बायकांना विचारावे. असे मामा प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांची सारी कमाई ‘नको’ या एका शब्दावर तोललेली असते. तोच शब्द आपण मायेने त्यांच्या तोंडून काढून घेतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मामीकडे त्या क्षणी कोणाचे लक्ष असते? यजमान तर फोटो काढून घेण्यात गर्क असतात.

दुसरी गोष्ट गोडव्याची. कडू दारू निदान पहिल्या घोटालाच आपली ओळख देते. गुलकंदात लपलेली देत नाही, आणि म्हणूनच ती प्रथम वळते तरुण मुलामुलींकडे. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइन यांसाठी वयाची अट एकवीस वर्षांची, इतर मद्यांसाठी पंचवीस वर्षांची आहे. म्हणजे तेवीस वर्षांच्या वधूला विवाहाची शपथ घेता येते, पण तिच्याच नावाचा व्होडकाचा पेला कायद्याने तिला ओठी लावता येत नाही! ही विसंगती एकाही यजमानाच्या ध्यानी येऊ नये? कल्याणीनगर आपल्याच शहरात आहे. 19 मे 2024 च्या पहाटे तिथे दोन तरुण अभियंते एका मोटारीखाली गेले. ती सतरा वर्षांचा मुलगा मद्य पिऊन चालवीत होता, असा आरोप आहे. दारू पिऊन रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा 2290 वा परिच्छेद सांगतो. रिसेप्शन आटोपल्यावर लॉनबाहेर दुचाक्या सुरू होतात तेव्हा तो परिच्छेद कोणाला आठवतो?

यावर हमखास उत्तर येते: ‘फादर, काना गावी प्रभूनेच केला ना द्राक्षारस?’ केला, आणि थोडाथोडका नव्हे. सहा दगडी रांजण, म्हणजे आजच्या मापाने पाचशे लिटरांच्या आसपास. पण योहानाचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. त्या वधूवरांचे नाव शुभवर्तमानकाराने दिलेलेच नाही. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त पाणी काढणाऱ्या नोकरांना. वराला तर न केलेल्या गोष्टीची शाबासकी मिळाली. ज्याने दिले त्याने त्यावर स्वतःची सही केली नाही. मरिया बोलली तीही एका घरची लाज झाकली जावी म्हणून, घरची ऐट दिसावी म्हणून नव्हे. काना गावाचा दाखला देणाऱ्यांनी एवढे तरी घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत आहेत. हातभट्टीच्या दारूने तिथे काय केले, हे आपल्या आज्यांनी पाहिले आहे. याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायका ‘आडवी बाटली, उभी बाटली’ असे मतदान करून दुकाने बंद पाडतात. त्याच बायकांच्या नातींची नावे शहरातल्या हॉलमध्ये बाटल्यांच्या कपाटावर टांगायची? बर्फ घातला आणि काठावर पुदिन्याचे पान खोचले, म्हणजे आतली वस्तू बदलते असे नाही.

ज्यांना मद्य ठेवायचेच आहे त्यांनी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढावा, टेबल एका बाजूला मांडावे, आणि जिनला जिन व रमला रम म्हणावे. टोस्टसाठी मात्र असा पेला भरावा जो आजीलाही उचलता येईल, पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्या नातवालाही, आणि त्या मामालाही. लग्न मे महिन्यात असेल तर पन्हे, एरवी कोकम सरबत. नावच द्यायचे असेल तर त्याला द्यावे. फलक रंगवायला आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी एका पायावर तयार आहेत.