बसणे आणि पुरणे

"बाबा, कूलर आणायला हवा," असे आमची थोरली ऐन आश्विनात म्हणाली, तेव्हा तिच्या आईने माझ्याकडे आणि मी खिडकीकडे पाहिले. विठ्ठलवाडीचा उकाडा कुणाला नवा नाही. पण थंडीच्या तोंडावर कूलर? मग उलगडा झाला. कूलर माणसांसाठी नव्हता, कॉम्प्यूटरच्या प्रोसेसरसाठी होता.

थोरली लग्नांच्या फिल्मा जोडून देते. तुळशीचे लग्न लागले की तिला उसंत नसते. त्याआधी यंत्राला जोर यावा म्हणून तिने जुना रायझन 5 3600 काढून रायझन 7 5800एक्स बसवायचे ठरवले. जुन्याबरोबर पंखा फुकट आला होता. नवा मात्र हात हलवीत आला.

"मग जुनाच पंखा लाव की! सॉकेट तोच एएम4, स्क्रूही तेच," मी म्हणालो.

"बसेल, बाबा, पुरणार नाही."

जुना प्रोसेसर 65 वॅटचा, नवा 105 चा. आणि भर कामात तो 142 वॅटपर्यंत वीज ओढतो. तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. नाही काढली तर 90 अंशांवर तो जळत नाही, मुकाट्याने वेग कमी करतो. म्हणजे पैसे घोड्याचे मोजायचे आणि चाल बैलाची!

मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठले आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात वॅट सांगितले. "डोळे मिटून न्या," दुकानदार म्हणाला. मी तसाच नेला. पाय बसले, ताकद पुरली. पण कूलरची उंची 159 मिलिमीटर आणि आमच्या कॅबिनेटात मावणार 150! झाकण लागेना. दुकानदाराने तीनशे रुपये कापूनच तो बदलून दिला.

दुसऱ्या खेपेस थोरलीने किराणासारखी चिठ्ठी दिली: सॉकेट, वॅट, उंची, रॅमच्या पट्ट्यांना मोकळी जागा. यातले एकही कलम गाळू नये. इंटेलवाल्यांनी तर सॉकेट दोनदा वाचावे. 2021 साली आलेल्या 1700 सॉकेटात भोकांमधले अंतर 75 वरून 78 मिलिमीटर झाले. तीन मिलिमीटरांपायी जुन्या कूलरला नवे पाय शोधावे लागतात.

जुना पंखा काढताना मात्र माझा श्वास अडकला. थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असते, आणि एएम4 च्या पिना प्रोसेसरलाच असतात. पंखा सरळ ओढला तर प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. आणि तो तर डोंबिवलीच्या भाच्याला कबूल केलेला! थोरलीने यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार केली, वीज बंद केली, पंखा डावी-उजवीकडे हळूच फिरवला आणि अलगद उचलला. पिना शाबूत!

झाकण लागले. पहिली फिल्म वेळेवर गेली.

"पण बाबा, हा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड नाही करू शकत."

"म्हणजे चैत्रात दुसरा कूलर लागणारच," तिची आई म्हणाली.

या वेळी मी आधी खिडकीचे माप घेतले.