भाऊबीज त्याच्या हातात

दिवाळी जवळ आली की घरोघरी याद्या सुरू होतात. फराळ कोण करणार, हॉल कुठला, मुलांना काय द्यायचं! अशा यादीत एक नाव बरेचदा शेवटी राहतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा अंधत्व असलेल्या एखाद्या भावाचं, भाचीचं, पुतण्याचं. "त्याला काय द्यावं कळतच नाही हो," असं म्हणत एकवीस डॉलरचं पाकीट त्याच्या आईच्या हातात ठेवलं जातं. पाकिटामागची माया खरीच. पण भेट त्याची, आणि जाते आईच्या पर्समध्ये! यंदा ती त्याच्याच हातात कशी पडेल, हे या वेळी पाहू या.

वय पाहून खेळणं घ्यायची आपली सवय इथे कामाची नाही. त्याचे हात, कान, नाक काय मागतात ते बघायचं. स्पर्श किंवा आवाज काहींना फार तीव्र जाणवतो, तर काहींना फार कमी. २०१३ पासून ऑटिझमच्या अमेरिकन निकषांमध्येही याची नोंद आहे. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या प्राणिशास्त्रज्ञ बाईंना लहानपणी मिठी सहन होत नसे, पण अंगावर दाब हवासा वाटे. गुरांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा पिंजरा पाहून तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. इथल्या दुकानांत मिळणाऱ्या वजनदार ब्लँकेटमागे हीच गरज आहे. आणि आजीच्या जुन्या लुगड्यांची, धावदोऱ्याची जाड गोधडी आपण विसरलो का?

म्हणून आधी आईवडिलांना फोन करा. "काय आणू?" असं विचारलं की "काही नको हो" हेच उत्तर येणार! त्याऐवजी विचारा, तो दिवसभर हातात काय धरतो? कशापासून पळतो? पाण्यात रमणाऱ्याला ओतायची भांडी द्या, बोटांना चाळा हवा त्याला खणाच्या, मखमलीच्या, गोणपाटाच्या तुकड्यांचं कापडी पुस्तक शिवून द्या. तिशीतल्या भावाला दिवे आवडत असतील तर बाळाच्या खेळण्याऐवजी रंग बदलणारा टेबललॅम्प शोभेल. अंध मुलीला वाळ्याची पुरचुंडी आवडेल, पण उग्र वासाचा त्रास होणाऱ्याला उटण्याचा डबा नको.

काही पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. वस्तू तोंडात घालणाऱ्यासाठी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल असं काहीही घेऊ नका. बटणाएवढ्या बॅटऱ्या, छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे मणी पोटात गेले तर जिवावर बेततं. वजनदार ब्लँकेट तान्ह्या बाळाला कधीच नको, आणि ज्याला ते स्वतःहून बाजूला सारता येत नाही त्यालाही नको. इतरांसाठीसुद्धा त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारूनच घ्यावं.

आता बांधणी. दुकानातलं घट्ट प्लास्टिक आणि तारा घरीच काढून टाका, बॅटरी घाला, खेळणं चालतं का ते बघा. चिकटपट्टीनं सगळीकडून बंद केलेला खोका ज्याच्या बोटांत जोर नाही त्याच्यासाठी कुलूपच. त्यापेक्षा जुन्या साडीची सैल नाडीची पिशवी शिवा, किंवा कागदाला एकच तुकडा चिकटवून ओढायला जाड रिबिनीचा फास ठेवा. कागदाची खसखस कुणाला भेटीपेक्षाही आवडते, कुणी कानांवर हात ठेवतो. तेही फोनवरच विचारून घ्या. अचानक काही पुढे आलं की घाबरणाऱ्यासाठी आतल्या वस्तूचा फोटो बाहेर लावा. अंध मुलीच्या पिशवीला छोटीशी घंटा बांधा, म्हणजे आपली कुठली ते तिला ओळखता येईल.

आणि देताना घाई नको. भोवती घोळका, फोटो, टाळ्या नकोत. "अरे उघड ना!" म्हणत आपणच नाडी ओढू नये. कदाचित तो भेट बाजूला ठेवेल आणि दोन दिवसांनी उघडेल. कदाचित वस्तू सोडून पिशवीशीच खेळेल. खेळू द्या, पिशवीही त्याचीच आहे. 'थँक यू' म्हणायला लावू नका.

असं कुटुंब मंडळाच्या कार्यक्रमाला येईनासं होतं, तेव्हा कारण दरवेळी तब्येतीचं नसतं. आपल्या मुलासाठी इथे काही नाही, हे आईवडिलांना कळलेलं असतं. तेव्हा वाचकहो, यंदा यादी करताना शेवटच्या नावापासून सुरुवात करा. आणि तुमच्या घरी कुठली भेट खरोखर आवडली, ते आम्हाला जरूर कळवा.