‘अशुद्ध’ इंग्रजी नेमकी कोणाची? अंडी, बिशप आणि गिरणीतले पोर

१/ पंधराव्या शतकातील प्रसंग आहे. थेम्स नदीतून झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. त्यांतील एकाने एका घरी खायला मागितले, आणि विशेषेकरून ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, आपल्याला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हवी आहेत असे सांगितले, तेव्हा पाहुण्याला अंडी हवी आहेत हे बाईंच्या ध्यानात आले.

२/ ही हकीकत इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० च्या सुमारास ‘एनेयडोस’च्या प्रस्तावनेत नोंदवली. त्याची अडचण धंद्याची होती: छापायचे काय, ‘एग्ज’ की ‘आयरेन’? एक शब्द शुद्ध आणि दुसरा अशुद्ध असे त्याने कोठेही म्हटले नाही. तो स्वतः केंट परगण्यातला, म्हणजे ‘आयरेन’वाल्या दक्षिणेचा. तरीही पुढे टिकला तो उत्तरेकडचा, स्कँडिनेव्हियन वंशाचा ‘एग’.

३/ याच हकीकतीत व्यापाऱ्याने अंडी ‘मागितली’ हे सांगताना कॅक्स्टनने ‘आस्क्ड’ लिहिलेले नाही, ‘अ‍ॅक्स्ड’ लिहिले आहे. आज लंडनमधल्या कॅरिबियन वंशाच्या मुलाच्या तोंडून ‘अ‍ॅक्स’ ऐकले की कपाळाला आठ्या घालणारे लोक इंग्रजी मुद्रणाच्या जनकालाही नापास करतात. जुन्या इंग्रजीत ‘आस्कियन’ आणि ‘अ‍ॅक्सियन’ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदत होती. चॉसरने ‘अ‍ॅक्स’ वापरले आहे. १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात प्रत्यक्ष ख्रिस्ताच्या मुखी ‘अ‍ॅक्स’ आहे.

४/ चिडणाऱ्यांचा लाडका सिद्धांत असा, की पूर्वी एक शुद्ध इंग्रजी होती आणि अडाणी लोकांनी ती बिघडवली. इतिहासाचा क्रम उलटा आहे. आधी होत्या त्या केवळ बोली. त्यांतील एक दरबार, कचेऱ्या, छापखाने आणि पैसा यांच्या शेजारी होती. ती मोठी झाली, आणि मोठी झाल्यावर तिच्या नातेवाइकांनी बाकीच्या बहिणींना ‘बिघडलेल्या’ ठरवले.

५/ आणि ही मोठी झालेली बहीणही निखळ लंडनची नाही. ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही सर्वनामे नॉर्स भाषेतून उत्तर इंग्लंडच्या वाटेने आली. ‘ही गोज’, ‘शी सिंग्ज’ यांतला क्रियापदाचा शेपटीचा ‘एस’ हीसुद्धा उत्तरेची देणगी. दक्षिणेत ‘गोएथ’, ‘हॅथ’, ‘डथ’ चालत असे. जो ‘एस’ राहिला म्हणून इंग्लंडपासून इचलकरंजीपर्यंतच्या मुलांनी छड्या खाल्ल्या, तो एके काळी गावंढळ उत्तरेकडचा उच्चार होता.

६/ पूर्व इंग्लंडमधील नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत हा ‘एस’ नीटसा रुजलाच नाही. तेथील पारंपरिक बोलीत ‘ही गो’, ‘शी से’ असेच म्हणतात. या ठिकाणी थोडे थांबून एक भेद करायला हवा, कारण या वादात दोन्ही पक्ष तोच विसरतात.

७/ पुण्यात इंग्रजी शिकणारा मुलगा ‘ही गो’ म्हणतो आणि नॉरफोकचा शेतकरीही ‘ही गो’ म्हणतो. शब्द तेच, पण गोष्टी दोन. मुलाला नियम अजून आलेला नाही. शेतकऱ्याला नियम पुरता आलेला आहे, फक्त तो त्याच्या बापजाद्यांचा नियम आहे. पहिली चूक आहे, दुसरी बोली आहे. म्हणून ‘जे बोलले जाते ते सगळे बरोबर’ ही उदार घोषणाही फोलच म्हणायची. ‘कुड ऑफ’ असे लिहिणारा माणूस कोणतीही प्राचीन बोली जपत नाही. ‘कुडव्ह’ हा उच्चार ऐकून त्याने स्पेलिंग चुकवले आहे, एवढेच.

८/ बोलीला नियम असतात, आणि कधी कधी ते प्रमाणभाषेहून काटेकोर असतात. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील एक जुना नियम पाहावा. कर्ता नाम असेल तर अनेकवचनातही क्रियापदाला ‘एस’ लागतो: ‘द बर्ड्स सिंग्ज’. पण कर्ता सर्वनाम असेल आणि क्रियापदाला चिकटून आला असेल, तर ‘एस’ गळतो: ‘दे सिंग’. लंडनच्या पाहुण्याला हा गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात त्याला स्वतःला हा नियम आठवडाभर सराव करूनही अचूक पाळता येणार नाही.

९/ ‘हिजसेल्फ’ची गोष्ट तर आणखी गमतीची. ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’, ‘अवरसेल्व्ह्ज’ यांत आधी मालकीदर्शक रूप येते. त्या हिशोबाने ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ हीच सुसंगत रूपे. ती बोलणारा खेडूत अडाणी ठरतो, आणि ‘हिमसेल्फ’ व ‘देमसेल्व्ह्ज’ हे अपवाद पाठ करणारा व्याकरणशुद्ध ठरतो. तर्कशास्त्राच्या नावाने चालणाऱ्या या खटल्यात तर्क आरोपीच्या बाजूला उभा आहे.

१०/ मग ही ‘शुद्धी’ आली कोठून? मुख्यतः अठराव्या शतकातून. १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टने इंग्रजी सुधारून कायमची स्थिर करावी असा प्रस्ताव मांडला. तो बारगळला. परंतु नवश्रीमंत व्यापाऱ्यांचा वर्ग वाढत होता आणि त्याला सभ्य समाजात शिरताना पाय घसरू नये म्हणून पुस्तके हवी होती. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण आले. ते पुढे ऑक्सफर्डचे आणि नंतर लंडनचे बिशप झाले. १७९५ मध्ये लिंडली मरे या अमेरिकेतून यॉर्कजवळ येऊन राहिलेल्या वकिलाचे व्याकरण आले आणि ते अफाट खपले.

११/ लाउथ विद्वान होते, हे नाकारण्याचे कारण नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवण्याची इंग्रजीची खोड सांगताना त्यांनी ते वाक्यही तसेच संपवले, विनोदबुद्धी होती. (ही ‘चूक’ मुळात शोधली ड्रायडनने, १६७२ मध्ये, बेन जॉन्सनच्या वाक्यांत.) पण तळटीपांत त्यांनी शेक्सपिअर, मिल्टन आणि खुद्द स्विफ्ट यांच्या चुका काढल्या. एखाद्या भाषेचे सर्वश्रेष्ठ लेखक ती भाषा चुकीची लिहितात असा निष्कर्ष निघाला, की शंका लेखकांविषयी नव्हे, नियमांविषयी यायला हवी होती.

१२/ दोन नकार एकमेकांना मारतात आणि होकार उरतो, हा नियमही याच पुस्तकातून घरोघर गेला. गणितात ते खरे आहे. पण ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणणाऱ्या मजुराला बरेच काही ठाऊक आहे, असा अर्थ इंग्लंडमध्ये आजवर कोणी घेतला असेल? जुन्या इंग्रजीत नकारावर नकार रचणे ही सर्वसाधारण रीत होती. चॉसरने आपल्या सरदाराची सभ्यता वर्णन करताना दोन ओळींत चार नकार खर्ची घातले आहेत. बिशपांच्या हिशोबाने चार नकारांचा होकार होतो, म्हणजे तो सरदार शिवराळ ठरतो!

१३/ एवढ्यावर थांबते तर ही नुसती पंडितांची करमणूक झाली असती. पण व्याकरणाचा दंडुका पुस्तकातून शाळेत आला. इंग्रजीच्या अध्यापनाविषयीच्या १९२१ च्या न्यूबोल्ट अहवालाने प्राथमिक शिक्षकांना सांगितले, की मुलांना घरी आणि रस्त्यावर जडलेल्या बोलण्याच्या वाईट सवयींशी त्यांना झुंजायचे आहे. ‘घरी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. घरी बोलणारी व्यक्ती म्हणजे त्या मुलाची आई. सहा वर्षांच्या पोराला सरकारी कागद सांगत होता की तुझ्या आईची भाषा हा एक रोग आहे.

१४/ मराठी प्रेक्षकाला हे नाट्य परिचित आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. त्यातील मंजुळेच्या बोलीवर प्रेक्षागृह हसले. फुलवालीचे ‘सुधारणे’ हा विनोदाचा विषय होतो. सुधारल्यावर तिने जायचे कोठे, हा प्रश्न मात्र शॉच्या मूळ नाटकात शेवटपर्यंत टोचत राहतो.

१५/ आता एका खऱ्या माणसाची हकीकत. जोसेफ राइट, जन्म १८५५, यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्डजवळ. लहानगा असतानाच दगडाच्या खाणीत गाढवे हाकण्याचे काम, मग सॉल्टेअरच्या प्रचंड कापडगिरणीत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्याचे. पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. नंतर त्याने ते स्वतःच शिकून घेतले, रात्रशाळा केल्या आणि १८८५ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवली. १९०१ मध्ये हे गिरणीतले पोर ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. टॉल्किन हे त्यांचे विद्यार्थी.

१६/ राइटसाहेबांनी आपली बोली लपवली नाही. १८९२ मध्ये त्यांनी विंडहिल या आपल्या गावच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. गॉथिक या मृत भाषेचा अभ्यास ज्या शिस्तीने करायचा, त्याच शिस्तीने गिरणीकामगारांच्या बोलीतील स्वर, नामे, क्रियापदे मांडली. पुढे १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांचा ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’ हा कोश त्यांनी सिद्ध केला. ज्या बोलीला शाळा ‘सवय’ म्हणत होती, तिला व्याकरण आहे हे सिद्ध करायला त्या बोलीतच वाढलेला माणूस लागला.

१७/ प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य करायला हवा. नोकरी, न्यायालय, परीक्षा यांत प्रमाणभाषा लागते, आणि ती न शिकवणे हा गरीब मुलांवरच अन्याय आहे. राइटही ती शिकलेच. परंतु ‘ही दुसरी भाषारीत शीक’ आणि ‘तुझी रीत घाण आहे’ या दोन वाक्यांत जो फरक आहे, तो चिडणाऱ्यांना दिसत नाही. दिसला तर चिडायला उरणारच काय?

१८/ २०१३ मध्ये मिडल्सब्रो शहरातील एका प्राथमिक शाळेने पालकांना पत्र पाठवून मुलांचे कोणते शब्द घरी दुरुस्त करावेत याची यादी दिली. तीत ‘यूज’ होते, म्हणजे ‘यू’चे अनेकवचन. आता ‘यू’ हे मुळातच अनेकवचन. एकवचन ‘दाऊ’ होते. सभ्य लोकांनी आदरार्थी ‘यू’ सगळ्यांनाच लावले आणि ‘दाऊ’ मोडीत निघाले. ते उरले यॉर्कशायरच्या ‘था’सारख्या कोपऱ्यांत. प्रमाणभाषेत एक भोक पडले, ते आजतागायत बुजलेले नाही. एकाशी बोलणे आणि दहांशी बोलणे यांतला भेद तिला एका शब्दात करता येत नाही. मिडल्सब्रोच्या मुलांना तो येत होता, आणि त्यांनी तो विसरावा म्हणून शाळा घरी पत्रे धाडत होती.