सहापैकी किती?

अमेरिकेतल्या आपल्या घरांतून मूल अकरावीत गेलं की एक तक्रार हमखास ऐकू येते: गणितात ‘ए’, मग इंग्रजीतच ‘बी’ कसा? म्हणून हा अंक ‘एपी इंग्लिश लँग्वेज’ या शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या कोर्सवर.

मे महिन्यातल्या परीक्षेत तीन निबंध असतात, प्रत्येकी सहा गुणांचे. भूमिकेला एक, पुरावे आणि त्यांवरच्या भाष्याला चार, विचारांच्या प्रगल्भतेला एक. (हा शेवटचा गुण फार थोड्यांच्या पदरात पडतो, हे आधीच सांगून टाकू.) घोटून ठेवलेल्या सुभाषितांना इथे वेगळा गुण नाही. दिलेल्या उताऱ्यात लेखक काय म्हणाला एवढं सांगून भागत नाही. ते त्याने तसंच का मांडलं, हे दाखवावं लागतं. गाइडमधली उत्तरं पाठ करून पास झालेले आपण पालक नेमके इथेच अडखळतो.

शाळेची श्रेणी आणि ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा एक ते पाच हा निकाल, हे दोन स्वतंत्र हिशेब. वर्गात वर्षभराचं काम मोजलं जातं, बोर्ड फक्त पेपर तपासतं. त्यामुळे ‘बी’वाल्या मुलीला पाचही मिळू शकतात.

आम्ही या अंकात शिकवणीचे सल्ले मुद्दाम टाळले आहेत. मुलांचे निबंध आणि त्यांवरचे शेरे शेजारी शेजारी छापले आहेत. शेरा पटला नाही तर जरूर लिहा; मुलांनी लिहिलं तर अधिक आवडेल, मराठीत किंवा इंग्रजीत.