कंबरेत उसण भरली, की मणका दबला?

भरलेली बादली उचलताना, गादी उलटताना किंवा एसटीत मागच्या सीटवर खड्ड्याचा दणका बसल्यावर पाठीत कळ येते. घरात लगेच निदान होतं : उसण भरली. बाम चोळायचा, शेकायचं, आठ-पंधरा दिवसांत उतार पडला की विषय संपला. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांची ही उसण पुष्कळदा उसण नसतेच. ठिसूळ झालेला मणका पुढच्या बाजूने दबलेला असतो. अशा तीन फ्रॅक्चरपैकी दोन कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण पडलं तर कुणीच नाही, मग हाड मोडेल कसं? पुढे पोक येतं, साडी खाली लोळायला लागते, फळीवरच्या डब्याला हात पुरत नाही. आपण म्हणतो, वय झालं.

वयाचा वाटा आहेच. हाड तिशीपर्यंत भरतं आणि पाळी गेल्यावरच्या पाच-सात वर्षांत त्यातलं २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पण हाड जिवंत असतं. जुनं काढून नवं भरण्याचं काम जन्मभर चालू असतं आणि नवं किती भरायचं हे बरंचसं त्याच्यावर पडणाऱ्या भारावर ठरतं. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात, जिथे शरीराला वजनच जाणवत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं. मग "तुम्ही काही उचलू नका, बसून राहा" असं सुनेने मायेने म्हटलं, तरी त्यात सासूच्या हाडांचं नुकसानच आहे.

"मी रोज बागेत चालते की!" चाला, जरूर चाला; हृदयाला आणि साखरेला ते चांगलंच आहे. पण रोजच्या सवयीच्या भाराने हाड वाढत नाही, आणि मणक्यांना नुसत्या चालण्याने फारसं काही मिळत नाही. पोहणं, सायकल यांचंही तेच. हाडाला जरा जास्तीचा भार लागतो. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, ५८ वर्षांपुढच्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला. अर्ध्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञाच्या नजरेखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. म्हणून उद्या उठून गॅसचा सिलिंडर उचलू नका. त्या बायकांना उचलायचं कसं हे आधी शिकवलं होतं, आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवलं होतं.

कारण पाठीला भार मानवतो, भारासकट पुढे वाकणं मानवत नाही. वाकलं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि चेमटते ती तीच कडा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांची माहिती छापली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे. अभ्यास लहान होता, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. योगवर्ग घेणाऱ्यांना म्हणून कळकळीची विनंती : सत्तरीच्या आजींना सगळ्यांबरोबर पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन करायला लावू नका. पाय सरळ, कपाळ गुडघ्याला, हा हट्ट त्यांच्यापुरता सोडा. सोसेल तेवढं भुजंगासन चालेल, तेही मणका आधीच दबलेला नसेल तर.

घरी सुरुवात साधी करा. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. ओट्याला धरून टाचा उचला. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभ्या राहा, हनुवटी आत घ्या आणि डोकं भिंतीला टेकतंय का पाहा. बादली उचलायची तर अर्धीच भरा, गुडघ्यात वाका, ती अंगाशी घ्या आणि पाठ ताठ ठेवून उठा. केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणा. तो असताना कंबरेत वाकून झाडण्यात कसली आलीय शिस्त!

तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरने घटली असेल, किंवा पाठीतली कळ अचानक आली असेल, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. पाठीचा बाजूने काढलेला एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी याबद्दल स्वतःहून विचारा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या पुरुषांनीही विचारावं. एक मणका दबलेल्या पाच जणींपैकी साधारण एकीचा वर्षभरात दुसराही दबतो. म्हणून निदान झाल्यावर वेदनाशामक गोळीवर भागवू नका. हाडं टिकवणारं औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आपल्याला लागेल का, हे विचारून घ्या. आणि दुखणं जरा ओसरलं की अंथरुणात पडून राहू नका. फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा किंवा त्यांच्याकडे जा. कुशीवर वळून, हाताच्या आधाराने उठायचं कसं, इथपासून शिकून घ्या.