चूलबंद आवतण आणि ‘फक्त मोठ्यांसाठी’

गेल्या फाल्गुनात सोयगावच्या आमच्या घरी पुण्याच्या एका नातेवाइकांची लग्नपत्रिका आली. आली ती भ्रमणध्वनीवर. पत्रिका देखणी होती. वर गजानन, त्याखाली कुलदैवतांची नावे, वधूवरांच्या पदव्या, मंगल कार्यालयाचा नकाशा, सारे यथास्थित. मात्र सर्वांत खाली, नाजूक चौकटीत एक सूचना होती : लहान मुलांना सोबत आणू नये, हा सोहळा फक्त मोठ्यांसाठी आहे. ज्या जागी एके काळी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ही चिमुकल्यांच्या नावाची ओळ छापली जात असे, नेमक्या त्याच जागी! ती सूचना माझ्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवली. वाचता येऊ लागल्यापासून घरात येणारा प्रत्येक मजकूर ती वाचते.

त्या लग्नाला आमच्या सात माणसांच्या घरातून एकटा पुतण्या गेला. सूनबाई मुलांपाशी थांबल्या. मुले नकोत तर मी तरी कशाला, असे म्हणून आई थांबली. मीही गेलो नाही. यात रुसव्याफुगव्याचा भाग मुळीच नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु प्रश्न एका घराच्या रुसव्याचा नाही. पुण्या-मुंबईत सुरू झालेली ही रीत आता जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोचते आहे, आणि ती सुधारणा म्हणून पोचते आहे. म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

आमचा सोयगाव तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराला टेकून आहे. जिल्हा मराठवाड्याचा, पण बोली आणि जेवणाचे ताट बरेचसे खानदेशचे. या पट्ट्यात आवतणाचे दोन प्रकार जुनी माणसे आजही ओळखतात. एक ‘घरटी एक’. ऐपत बेताची असेल, दुष्काळ असेल, तर घरातील एका माणसाने यावे. दुसरे ‘चूलबंद’. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारे, पोरे, घरी आलेला पाहुणा, सालगडी, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचे. पाहुणे मोजून बोलावण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही, हे मुद्दाम सांगतो. गरिबाने मोजूनच बोलावले आणि त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. पण घरटी एक म्हणणारा यजमान त्या घरातून कोणी यावे, हे त्या घरावर सोपवत असे. आजीने नातवाला धाडले तरी त्याचे पान मांडले जाई. तुमच्या घरातील अमुक माणसे चालतील आणि तमुक चालणार नाहीत, अशी निवड करणारे आवतण मात्र आम्ही पाहिले नव्हते.

विवाह हा हिंदूंमध्ये संस्कार आहे, हे वाक्य आपण भाषणांत फार वेळा ऐकतो. त्याचा अर्थ विधी पाहिल्यावर कळतो. कऱ्हा घेऊन वधूच्या मागे उभी राहणारी करवली पुष्कळदा परकरातली पोर असते. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या तिच्या भावाने, आणि कानपिळीचा मानही त्याचाच. हा भाऊ दहा वर्षांचा असला तर त्याच्या हातून लाह्या सांडतात आणि मांडव हसतो. त्याने त्या लग्नाचे काही बिघडत नाही. गृह्यसूत्रे तर याच्याही पुढे जातात. नववधू सासरी आल्यावर तिच्या मांडीवर लहान मूल बसवावे आणि त्या मुलाच्या हाती फळे द्यावीत, असा विधी आपस्तंब आणि गोभिल या दोन्ही गृह्यसूत्रांत आहे. सूत्रकारांना मुलगाच हवा होता, तो त्या काळाचा दोष आपण सोडून देऊ. मूल हवे होते, हे महत्त्वाचे. ज्या विवाहविधीत मुलाला मांडीवर बसवून खाऊ द्यायचा, त्याच विवाहाच्या दारातून मुलाला परत पाठवायचे?

शिवाय आपल्याकडे मुले लग्न लावायला शिकतात ती अंगणात. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा अंतरपाट धरायला, अक्षता टाकायला आणि शेवटी ऊस, चिंचा, आवळ्यांवर तुटून पडायला मुलेच पुढे असतात. अंतरपाट म्हणजे काय, हे मराठी मुलाला कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. ते पाहून कळते. पुढे त्याच मुलांच्या हाती गुलाबदाणी आणि अत्तरदाणी येई, पंगतीत मीठ-लिंबू वाढण्याचे काम येई, आणि कोणाला वाकून नमस्कार करायचा, कोणती मावशी सख्खी नि कोणती मानलेली, हेही तिथेच समजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात याच विषयावर परखड भाष्य केले. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने हिंदू विवाह हा संस्कार आहे, नाचगाणे आणि खाणेपिणे यांचा कार्यक्रम नव्हे, असे बजावले. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. त्याच्या सातव्या कलमात विधींना मान्यता आहे, आणि सप्तपदी असेल तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. ही सात पावले पाहायला मुलांना मज्जाव असावा, असे काय त्यात आहे?

ही रीत आली कोठून? सरळ उत्तर ‘पाश्चात्त्यांकडून’ असे देऊन आपण मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंड-अमेरिकेत लग्नानंतरची मेजवानी नावनिशीवार खुर्च्यांची, ताटामागे दर ठरलेली आणि मद्यासह असते. तेथे मुले वगळण्याची प्रथा आहे. पण त्यांच्याही चर्चमध्ये पुढे फुले घेऊन चालणारी मुलगी लागतेच. २०१८ मध्ये विंडसरला राजपुत्र हॅरीचा विवाह झाला, तेव्हा वधूच्या दिमतीला १० लहान मुले होती. म्हणजे त्यांनी विधीत मूल ठेवले आणि मेजवानीतून काढले. आपण त्यांचे फुलांचे परडे घेतले नाही, घेतली ती दारावरची पाटी! अमेरिकेतील आपल्या मराठी बांधवांची अडचण निराळी आहे, तेथे सभागृहाचे नियम कडक असतात. तरीही दर रविवारी मुलांना मोटारीत घालून मराठी शाळेत न्यायचे आणि अंतरपाट प्रत्यक्ष दिसेल त्या दिवशी त्यांना दाईपाशी ठेवायचे, हे त्यांनाही विचारावेसे वाटते.

दुसरे अर्धे कारण आपल्याच घरचे आहे. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, ५० माणसांत लग्ने लागली. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्य सरकारने २५ माणसे आणि २ तास अशी मर्यादा घातली. मोडणाऱ्यास ५० हजार रुपये दंड होता. दहा वर्षांखालील मुलांना घरीच ठेवावे, असा केंद्राचा सल्ला होताच. त्या दिवसांत ते योग्य होते. साथ ओसरली, बंधने उठली. पण मुलांवाचून लग्न सुटसुटीत होते, हे काही यजमानांच्या ध्यानात राहिले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. मुले रडतात, मंगलाष्टकांत पळापळ करतात, होमाजवळ जातात, अन्न टाकतात. खरे आहे. आणखीही सांगतो : आजची पुष्कळशी लग्ने मुलांना नेण्याजोगी राहिलेली नाहीत. आमच्या भागात दुपारी साडेबाराचा मुहूर्त पत्रिकेत असतो आणि वरात डीजेपुढे नाचत तीन वाजता मांडवात येते. वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या मंडपाखाली पोरे भुकेने कळवळतात. डीजेच्या भिंतीपुढे तान्ह्या बाळाचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हवा. पाळतो कोण? मांडवामागे बाटल्या फुटतात. अशा ठिकाणी मूल नको, हे मलाही मान्य आहे. पण मग तेथे वधू तरी का असावी? होमाचा धूर, तुपाचा वास, अक्षतांचा सडा यांतले काहीच मुलाला अपायकारक नाही. जे अपायकारक आहे ते सारे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण घरात घेतले, आणि त्याला जागा करून देण्यासाठी आता मुलांना बाहेर काढतो आहोत. वराच्या मित्रांना ‘डीजे नाही’ सांगण्याची हिंमत यजमानात नसते. सात वर्षांच्या मुलीला ‘तू नको’ सांगायला हिंमत लागत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा असता तर मी मान तुकवली असती. पण मुलाचे अर्धे पान वाचवणारा तोच यजमान लग्नाआधीच्या छायाचित्रणावर आणि प्रवेशद्वारावरील धुराच्या नळकांड्यांवर काय उधळतो, ते आपण पाहतो.

आणि ज्याची कोणी वाच्यता करीत नाही ती गोष्ट : मुलांना बोलावले नाही म्हणजे त्यांच्या आईला बोलावले नाही. आमच्या तालुक्यात पाळणाघरे नाहीत. मूल घरी ठेवायचे तर कोणीतरी मागे राहायचे, आणि ती व्यक्ती बाप असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लग्न ही सासुरवाशिणीला माहेरच्या माणसांत वर्षातून एखाद्या दिवशी वावरता यावे, यासाठीची हक्काची सबब असे. एका ओळीत ती काढून घेतली जाते.

मराठवाड्याच्या पत्रकाराला या विषयावर लिहिताना एका गोष्टीची लाज वाटते, तीही नोंदवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. पाहुणी म्हणून मूल नको म्हणणारे आणि नवरी म्हणून मूल चालते म्हणणारे, हे दोन्ही आपल्याच समाजात आहेत.

येत्या मार्गशीर्षात आमच्या घरी कार्य आहे. पहिली पंगत मुलांची, साडेअकरालाच. वरातीला सनई आणि संबळ. डीजे नाही, हे व्याह्यांना आधीच सांगितले, थोडी कुरबुर झाली, मग मानले. मीठ-लिंबू वाढायला गल्लीतली आठ पोरे ठरली आहेत. पत्रिकेतली शेवटची ओळ त्या सात वर्षांच्या मुलीने स्वतः लिहून दिली. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक मी तशीच छापायला सांगितली. पुण्याच्या नातेवाइकांकडे पत्रिका घेऊन मी जातीने जाणार आहे. त्यांच्या घरी दोन लहान नातवंडे आहेत. आवतण चूलबंद आहे.